शेतघरातील जुनी गाडी आणि तिची राखण

मुंबई-पुण्याच्या अनेक कुटुंबांनी गेल्या तीन-चार दशकांत कर्जत आणि खालापूर तालुक्यांत लहान-मोठी शेतघरे बांधली. नेरळ, कशेळे, कडाव, कोंडिवडे, चौक या गावांच्या शिवारातून जाताना आंब्याच्या सावलीत किंवा पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री ओढून ठेवलेली एखादी जुनी मोटार अधूनमधून नजरेस पडते. शहरातील सोसायटीत तिला जागा उरलेली नसते आणि भंगारात देणे जिवावर येते. मग ती शेतघरी येते. ती फियाट वा पद्मिनी असेल, तर तिचे या परिसराशी असलेले नाते अनेकांच्या लक्षात नसते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी उमेदीच्या काळात रेल्वेची कंत्राटे घेतली. कर्जतच्या माथ्यावरील भोर घाटात रेल्वेचे बोगदे खोदण्याच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११०० ही १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोहोचली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. वस्तू दुर्मीळ झाली की तिच्याकडे पाहणाऱ्या नजरा बदलतात. वीस वर्षांपूर्वी जी गाडी कोणी फुकटही नेली नसती, तिच्याविषयी आज अनोळखी माणसे फाटकाशी थांबून चौकशी करतात.

अशा गाडीची चोरी तीन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे ती चालू करून नेणे. दुसरा म्हणजे चालू न करताच क्रेनच्या साह्याने किंवा सपाट ट्रकवर ओढून घेऊन ती नेणे. तिसरा, आणि मालकांना सर्वांत उशिरा कळणारा प्रकार म्हणजे गाडी जागेवर ठेवून तिचे भाग काढून नेणे. कार्ब्युरेटर, दिव्यांच्या चकचकीत कड्या, बंपर, बॉनेटवरील चिन्ह, चाके, बॅटरी हे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत. म्हणूनच त्यांना गिऱ्हाईक असते. बाजारात मिळणारी बहुतेक साधने फक्त पहिल्या प्रकाराचा विचार करून बनवलेली असतात. खरेदीपूर्वी ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी बरेच पैसे वाचतील.

शेतघराची अडचण आणखी वेगळी आहे. शहरात गाडीभोवती दिवसरात्र माणसे असतात. इथे सोमवार ते शुक्रवार फाटकाला कुलूप असते. चातुर्मासात तर अनेक जैन घरांत प्रवासच टाळला जातो. आषाढापासून कार्तिकापर्यंत गाडीकडे कोणी फिरकत नाही, आणि नेमक्या त्याच महिन्यांत कर्जतचा पाऊस असा कोसळतो की पत्र्यावरील आवाजात शेजारच्या खोलीतील बोलणेही ऐकू येऊ नये. चोराला हवा असतो तो वेळ आणि आडोसा, आणि दोन्ही त्याला आयते मिळतात. शिवाय खालापूरहून द्रुतगती मार्ग हाताशी आहे. पहाटेच्या आत ट्रक पनवेलच्या पलीकडे किंवा घाटमाथ्यावर पोहोचलेला असतो.

कुलपांचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर युरोपच्या अनुभवात सापडते. पश्चिम जर्मनीने १९६३ मध्ये नव्या आणि जुन्या अशा सर्वच मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले, आणि तेथील मोटारचोऱ्यांत मोठी घट झाली. ब्रिटनने १९७१ मध्ये हीच सक्ती केली, पण फक्त नव्या गाड्यांपुरती. लंडनमध्ये चोरीला जाणाऱ्या गाड्यांत नव्या गाड्यांचा वाटा १९६९ मध्ये शंभरांत सुमारे २१ होता, तो १९७३ मध्ये ५ वर आला. चोर मात्र घरी बसले नाहीत. ते जुन्या, बिनकुलपाच्या गाड्यांकडे वळले. आज नव्या मोटारींच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. जुन्या गाडीत असे काहीच नाही. तिचे झिजलेले कुलूप तशाच दुसऱ्या झिजलेल्या किल्लीनेही कधीकधी फिरते. तेव्हा तिची राखण मालकालाच उभी करावी लागते.

घरगुती उपायांत सर्वांत जुना आणि आजही सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोटर काढून ठेवणे. पेट्रोल इंजिनात प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा जो डिस्ट्रिब्युटर असतो, ज्याला गॅरेजमध्ये ‘डेलको’ म्हणतात, त्याच्या झाकणाखाली अंगठ्याएवढा फिरता तुकडा बसवलेला असतो. झाकणाच्या क्लिपा सोडून तो उचलून खिशात टाकायला एक मिनिटही लागत नाही. त्याच्यावाचून इंजिन कितीही फिरवले तरी चालू होत नाही. मर्यादा एवढीच की जाणकार चोर असा तुकडा सोबत घेऊन येऊ शकतो. तरीही अंधारात, पावसात आणि घाईत त्याला आधी बिघाड कुठे आहे हे शोधावे लागते, आणि तो वेळ आपल्या बाजूचा असतो.

त्यानंतर गुप्त खटका. बहुतेक वायरिंगवाले इग्निशन कॉईलकडे जाणारी तार मध्येच तोडून तिथे खटका बसवतात. हे काम अर्धवट आहे. चोराने बॅटरीपासून कॉईलपर्यंत हातभर तार थेट जोडली की खटका निरुपयोगी ठरतो. त्यापेक्षा कॉईलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या बाजूची एक तार खटक्यातून गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला, जोडावी. खटका ‘चालू’ असला की पॉइंट उघडले-मिटले तरी काही उपयोग होत नाही. ठिणगी पडतच नाही, आणि बॅटरीची थेट तार जोडूनही पडत नाही. ही तार मूळ तारांच्या रंगाचीच घ्यावी आणि त्यांच्याच गुंडाळीतून न्यावी, म्हणजे ती वेगळी दिसत नाही. खटका डॅशबोर्डखाली नको; तिथे तर सर्वांत आधी हात जातो. ज्यांनी जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतले आहे, त्यांनी मात्र हा प्रयोग मेकॅनिकला विचारल्याशिवाय करू नये.

तिसरा उपाय पेट्रोलचा. पद्मिनीसारख्या गाडीत पेट्रोल खेचणारा पंप विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. त्यामुळे ‘पंपाची वायर बंद करा’ हा नव्या गाड्यांच्या संदर्भातील सल्ला इथे लागू पडत नाही. टाकीकडून येणाऱ्या नळीत पेट्रोलसाठीच बनवलेला धातूचा कॉक बसवता येतो. तो बंद असला तरी गाडी चालू होते, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते, आणि दोन-चारशे मीटरवर आचके देत थांबते. रस्त्याच्या मधोमध बंद पडलेल्या गाडीपाशी चोर सहसा रेंगाळत नाही. मात्र नळदुरुस्तीच्या दुकानातील प्लास्टिकचा कॉक इथे कदापि वापरू नये. पेट्रोलने तो मऊ पडतो, गळतो, आणि चोरीपेक्षा आगीची भीती मोठी होते.

बॅटरीचा कट-ऑफ स्विच चोराला फार रोखत नाही, पण शेतघरी तो असलाच पाहिजे. बंद शेडमध्ये उंदीर तारांचे आवरण कुरतडतात आणि जुन्या वायरिंगमध्ये एका ठिणगीने सारे संपते.

चार महिने गाडी वापरायचीच नसेल तर आणखी एक उपाय आहे. ती भक्कम लोखंडी स्टँडवर उचलून ठेवावी, किमान दोन चाके काढून घरात कुलूपबंद करावीत आणि रोटर मुंबईला न्यावा. टायर एकाच जागी दबून वाकडे होत नाहीत, चाके चोरीला जात नाहीत, आणि ओढून नेण्यासाठीही गाडी तयार सापडत नाही. विटांचा थर रचून त्यावर गाडी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे दिसते. ती बंद व्हावी. ओलाव्याने वीट फुटते आणि खाली डोकावणाऱ्याच्या अंगावर गाडी येते.

घरगुती उपायांतील एकाचा निषेधच केला पाहिजे. कुंपणात किंवा शेडच्या दारात विजेची जिवंत तार सोडण्याचे प्रकार ग्रामीण भागात आजही घडतात. त्या तारेला चोर कोण आणि पावसातून आडोशाला आलेले वासरू कोण, हे कळत नाही. गवत कापायला आलेली बाई, चेंडू शोधणारे मूल, स्वतःचाच रखवालदार, कोणीही तिला शिवू शकते. माणूस दगावल्यास मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, आणि ‘मालमत्तेचे रक्षण करत होतो’ हा बचाव तिथे टिकत नाही. एका मोटारीसाठी जीव घेणारी व्यवस्था ज्या घरात जीवदयेचे नाव घेतले जाते त्या घरात तर असूच नये.

आता विकतची साधने. स्टिअरिंगला आडवा बसणारा लोखंडी दांडा सर्वत्र मिळतो. त्याचा मुख्य गुण हा की तो काचेतून दिसतो. त्याचा दोष हा की जुन्या गाडीचे स्टिअरिंग चाक बारीक असते आणि ते करवतीने कापले की दांडा आपोआप सुटतो. ब्रेक आणि क्लच एकत्र जखडणारे पेडल-कुलूप त्यामुळे अधिक भरवशाचे, कारण ते कापायला खाली वाकून काम करावे लागते. गिअरचे कुलूप घेताना मात्र सावध असावे. बहुतेक पद्मिनी आणि जुन्या अॅम्बॅसेडर गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो, आणि दुकानातील तयार कुलपे जमिनीवरील दांड्यासाठी बनवलेली असतात. दुकानदार ‘बसेल’ म्हणतो. ते बसत नाही.

जीपीएस ट्रॅकरविषयी अपेक्षा फार असतात. ते यंत्र उपयोगी आहे यात शंका नाही, विशेषतः गाडी उचलून नेली तर, कारण तिथे रोटर आणि खटका दोन्ही निकामी ठरतात. पण त्याला आकाश दिसावे लागते आणि मोबाईलचे जाळे लागते. पत्र्याच्या शेडखाली आणि डोंगराच्या कुशीतील वाड्यांवर दोन्ही कमी मिळते. त्यातील सिमकार्डाचा रिचार्ज संपलेला असतो आणि तो संपल्याचे चोरीच्या दिवशी कळते. बॅटरी कट-ऑफने तोडली की ट्रॅकरही थोड्या काळाने मूक होतो, म्हणून स्वतःची अंतर्गत बॅटरी असलेलाच ट्रॅकर घ्यावा. गाडी फारच जुनी असल्यास तिची वीजव्यवस्था १२ ऐवजी ६ व्होल्टची असू शकते. मॉरिस मायनरसारख्या काही ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. अशा गाडीत नेहमीच्या सवयीने तारा जोडल्या तर यंत्र पहिल्याच दिवशी जळते. आणि ट्रॅकरने गाडीचा ठावठिकाणा दाखवलाच, तर ११२ वर फोन करावा. मुलांनी दुसऱ्या गाडीतून पाठलाग करण्याचा मोह धरू नये.

गाडी उचलून नेण्याविरुद्ध खरा उपाय साखळीचा. काँक्रीट ओतताना आतील सळईला वेल्डिंग केलेले जाड लोखंडी कडे जमिनीत खोल रोवावे आणि कठीण पोलादाची साखळी त्यातून चाकाच्या भोकात व मागच्या अॅक्सलभोवती घ्यावी. ती बंपरला बांधू नये, आणि ब्रेकच्या नळीला घासू देऊ नये. ती जमिनीवर लोळत असेल तर कातर जमिनीला टेकवून चोराला पूर्ण जोर लावता येतो. अधांतरी ताणलेली साखळी कापणे कठीण जाते. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी साखळी कितीही जाड दिसली तरी मऊ असते. कोकणच्या पावसात कुलूप गंजते, म्हणून पितळी घ्यावे आणि त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा झालरीसारखा बांधावा. गाडीचे तोंड भिंतीकडे ठेवावे. समोर ट्रॅक्टर किंवा दुसरी गाडी आडवी लावता आली तर तेवढे काम कोणतेही विकतचे कुलूप करत नाही, आणि त्याला खर्चही नाही.

यांपैकी एकही उपाय एकट्याने पुरेसा नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि त्यांच्या जोडकिल्ल्या त्या शाखेत ठेवतच नाहीत. तिजोरी अभेद्य असते असे कोणी मानत नाही. ती उघडायला वेळ लागावा आणि त्या वेळात कोणाला तरी कळावे, एवढीच ती रचना. शेतघरी हीच रीत चालवता येते. साखळीची किल्ली रखवालदाराकडे, रोटर आणि गाडीची किल्ली मालकाकडे, दुसरी किल्ली मुंबईच्या कपाटात. अनेक घरांत गाडीची किल्ली शेतघराच्याच दाराआड खिळ्याला टांगलेली असते. मग हजारो रुपयांच्या साधनांना अर्थ उरत नाही.

रखवालदाराला वेळेवर पगार, चार्ज केलेला फोन आणि ‘अंगावर जाऊ नकोस, फक्त फोन कर’ ही स्पष्ट सूचना द्यावी. चोरी झाली की संशय लगेच जवळच्या ठाकर-कातकरी वाडीवर घेतला जातो. हे अन्यायाचे आहे आणि तर्कालाही धरून नाही. जुन्या कार्ब्युरेटरला गिऱ्हाईक कुठे आहे हे वाडीतील मजुराला ठाऊक नसते. ते ठाऊक असते गाडी ‘बघायला’ आलेल्यांना, लग्नासाठी किंवा चित्रीकरणासाठी भाड्याने मागणाऱ्यांना, आणि समाजमाध्यमांवर मालकानेच टाकलेल्या, मागे शेतघराच्या नावाची पाटी दिसणाऱ्या छायाचित्राखाली किंमत विचारणाऱ्यांना.

इथवर झाले लोखंडाचे. कागदांचा भाग कंटाळवाणा वाटतो. पण खरे नुकसान बहुधा तिथेच होते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांचा विमा बहुतेक तेवढाच काढलेला असतो. सर्वसमावेशक विम्यात गाडीची घोषित किंमत पाच वर्षांनंतर कोष्टकावर ठरत नाही; कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. तेव्हा मूल्यांकनकाराचा अहवाल, दुरुस्तीची बिले आणि छायाचित्रे देऊन ती योग्य नोंदवून घ्यावी. नाहीतर एजंटने सवयीने लिहिलेल्या किरकोळ आकड्यावर दावा संपतो. पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी साधन बसवून मोटार असोसिएशनचे प्रमाणपत्र जोडल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, पण जास्तीत जास्त ₹५०० इतकी सवलत मिळते. एवढ्यासाठी साधन घेण्यात अर्थ नाही. घेतलेच असेल तर सवलत सोडण्यातही नाही.

प्रत्यक्ष चोरी झाल्यास फिर्याद त्याच दिवशी द्यावी आणि विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. गुरशिंदर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निर्णय दिला की फिर्याद तत्काळ दिलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही. तिथे हा उशीर ५२ दिवसांचा होता. निकाल दिलासा देणारा आहे, पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले हेही विसरू नये. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, आणि तपास न लागल्यास महाराष्ट्रात ‘ए समरी’ नावाचा पोलिसांचा अंतिम अहवालही मागते. चासी आणि इंजिन क्रमांकांची जवळून घेतलेली छायाचित्रे, प्रत्येक सुट्या भागाचे चित्र, काचांवर कोरलेला नोंदणी क्रमांक हे सारे आधीच तयार असेल तर सापडलेला भाग आपलाच आहे हे सिद्ध करता येते.

सर्वांत मोठी उणीव आणखी वेगळीच असते. गाडी वडिलांची होती. वडील जाऊन दहा वर्षे झाली. नोंदणीपुस्तक अजून त्यांच्याच नावावर आहे. नोंदणीची पहिली १५ वर्षे कधीच संपली आहेत आणि पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण झालेले नाही. अशी गाडी चोरीला गेली तर फिर्याद कोणी द्यायची आणि दावा कोणी करायचा, येथून वाद सुरू होतो, आणि भावंडांत तो अधिक कडू होतो. मालकाच्या मृत्यूची सूचना ३० दिवसांत द्यावी आणि वारसाने तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव चढवून घ्यावे, असा नियम आहे. मुदत टळली असली तरी दंड भरून हे काम होते, आणि इतर वारसांची संमती सगळे हयात आणि गोडीत असताना घेणे सोपे जाते. २०२१ पासून नोंदणीपुस्तकात नॉमिनीचे नावही घालता येते. गाडीला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे होऊन गेली असतील आणि ती मूळ रूपात असेल, तर त्याच वर्षीच्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून १० वर्षांची स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क ₹२०,००० आहे. मात्र अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना रविवारी सकाळी तीच घेऊन कर्जतच्या बाजारात भाजीला जायचे आहे, त्यांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरणच करून घ्यावे.